कोणाकडून घेतलं, कोणाला दिलं? रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मतदारांना खुलं पत्र

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमची नामांकन समिती आणि सर्व मतदार यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी रॉकमधल्या कोणाला हॉलच्या मानाच्या यादीत घ्यायचं यासाठी तुमची नामांकनं जाहीर झाली की रॉक ऐकणाऱ्यांत तेच भांडण नव्याने पेटतं. अमुक बँडला उगाच डोक्यावर घेतलंय, तमुक बँडवर अन्याय झालाय. मीही या भांडणात वर्षानुवर्षं हिरिरीने पडत आले आहे, जवळच्या मैत्रिणीशी महिनाभर अबोला धरण्याइतकी. हे भांडण मिटत नाही याला थोडे तुम्हीही जबाबदार आहात, असं मला आता वाटतं. लोकप्रियता आणि प्रभाव या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच पारड्यात टाकता आणि काटा कुठे थांबला ते कोणालाच सांगत नाही.

तुमचा नियम साधा आहे. पहिलं रेकॉर्डिंग प्रसिद्ध होऊन 25 वर्षं झाली की कलाकार पात्र ठरतो. त्यानंतर रॉक अँड रोलच्या जडणघडणीवर त्याचा प्रभाव किती आणि त्याचं महत्त्व किती, हे बघायचं, असं तुम्हीच लिहून ठेवलं आहे. मतपत्रिका हजाराहून जास्त लोकांकडे जाते. चाहतेही मत देतात, पण लाखो चाहत्यांची मतं मिळून एका मतपत्रिकेइतकी धरली जातात. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की त्या हजार जणांनी ‘प्रभाव’ या शब्दाचा काय अर्थ घेऊन खूण केली, ते आम्हाला कधीच कळत नाही.

माझ्या लेखी प्रभाव म्हणजे बोट ठेवून दाखवता येते अशी गोष्ट. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलेली. तो एखादा आवाज असेल, ठेका असेल, तारा लावायची रीत असेल, किंवा धड वाजवता येत नसतानाही स्टेजवर उभं राहायचं धाडस असेल. ‘त्यांनी संगीत बदलून टाकलं’ असं म्हणणाऱ्याला मी विचारते, काय बदललं? कोणी घेतलं ते? उत्तर आलं तर प्रभाव आहे. उत्तराऐवजी विक्रीचे आकडे आले, तर ती लोकप्रियता आहे, आणि लोकप्रियतेचा मान वेगळा.

सगळ्यात आधी बीटल्स, कारण ‘ओव्हररेटेड’ हा शब्द निघाला की पहिला दगड त्यांच्यावरच पडतो. तरुणपणी मीही तो मारला आहे. इतकं कौतुक एखाद्या बँडच्या वाट्याला खऱ्या गुणांवर येऊच शकत नाही, असं मला वाटायचं. माझं मत पालटलं ते एका गिटारमुळे. 1964 च्या फेब्रुवारीत जॉर्ज हॅरिसनच्या हाती रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आली. त्याच वर्षी बीटल्सचा पहिला चित्रपट आला आणि त्यात ती गिटार दिसली, ऐकू आली. लॉस एंजेलिसमध्ये तो चित्रपट बघायला गेलेल्या काही पोरांपैकी रॉजर मॅग्विनने बाहेर पडल्यावर तशीच गिटार मिळवली. ही पोरं म्हणजे बर्ड्स. पुढच्या वर्षी बॉब डिलनचं एक गाणं त्यांनी त्या किणकिणत्या गिटारवर वाजवलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग त्याच 1965 च्या अखेरीस हॅरिसनने बीटल्ससाठी एक गाणं लिहिलं, त्यातली गिटारची ओळ मॅग्विनच्या वाजवण्यावरून सुचल्याचं त्याने मोकळेपणाने मान्य केलं. दिलेलं परत आलं! पुढे गायक टॉम पेटीने तोच आवाज उचलला. 1979 च्या त्याच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो हातात रिकनबॅकर घेऊनच उभा आहे.

ही साखळी मला सापडली त्या दिवशी मी बीटल्सना ओव्हररेटेड म्हणणं सोडलं. त्यांची सगळी गाणी मला आवडतात असं नाही, काही तर मी पुढे ढकलते. पण आवड हा माझा खाजगी मामला आहे. साखळी माझ्या आवडीची वाट बघत थांबलेली नाही. हे उदाहरण मुद्दाम दिलं, कारण ‘प्रभाव’ म्हटलं की काहींना फक्त अंधाऱ्या कोपऱ्यातले, कोणी न ऐकलेले बँड आठवतात. जगात सर्वाधिक खपलेला बँडही सर्वाधिक प्रभावी असू शकतो. फक्त ते दोन्ही वेगवेगळं सिद्ध करावं लागतं.

आता ब्लॅक सॅबथ. बर्मिंगहॅममधल्या एका पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या, म्हणजे पुढे या बँडचा गिटारवादक झालेल्या पोराच्या, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनखाली तुटली. तो दिवस त्याचा त्या नोकरीतला शेवटचा होता. आयोमी डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. गिटार कायमची सुटली असंच सगळ्यांनी धरलं. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, वर चामडं लावलं, नेहमीपेक्षा हलक्या तारा चढवल्या. पुढे 1971 च्या तिसऱ्या अल्बमवर त्याने तारांचा ताण कमी करून गिटार बरीच खाली उतरवली. दुखऱ्या बोटांना सोपं जावं हे त्यामागचं एक कारण. त्यातून जो खोल, जड आवाज आला, त्यावर पुढच्या पन्नास वर्षांचं हेवी मेटल उभं आहे. डूम मेटल नावाचा अख्खा प्रकार त्या एका अल्बमच्या सावलीत वाढला, आणि नव्वदच्या दशकातले सिअ‍ॅटलचे बँड आपण सॅबथ ऐकत मोठे झालो हे कधी लपवत नव्हते.

मला स्वतःला गिटार बेताचीच येते. पण सॅबथचा एक रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ) मी पहिल्यांदा तारा उतरवून वाजवला, तेव्हा तो आवाज खोलीच्या जमिनीतून पायात चढल्यासारखा वाटला होता, आणि तेव्हाच मनात आलं की हे कोणा माणसाच्या तुटलेल्या बोटांमधून आलंय.

सॅबथचा पहिला अल्बम 1970 चा, म्हणजे 1995 मध्येच ते पात्र होते. तुम्ही त्यांना 2006 मध्ये घेतलंत. मधल्या काळात, 1999 मध्ये, त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्नने आमचं नाव नामांकनातून काढून टाका असं तुम्हाला लिहून कळवलं होतं. त्या अकरा वर्षांत कोणाकोणाला त्यांच्याआधी आत घेतलं गेलं ती यादी मी इथे देत नाही, ती तुमच्याकडेच आहे. मेटलच्या बाबतीत तुमचा हात नेहमीच आखडता राहिला आहे. जुडास प्रीस्टसारखा बँड 2022 मध्ये आला तोही कलाकारांच्या मुख्य वर्गातून नाही, तर ‘संगीतातील उत्कृष्टता’ या वेगळ्या पुरस्काराने.

ओव्हररेटेड म्हणजे कोण, हेही स्पष्ट बोलते, नाहीतर हे पत्र नुसतं गोड बोलण्यात जाईल. ईगल्स बघा. 1976 च्या त्यांच्या निवडक गाण्यांच्या संग्रहाला 2018 मध्ये अमेरिकेत 38 पट प्लॅटिनम असं विक्रीचं प्रमाणपत्र मिळालं. गळे सुरेल, गाणी घट्ट बांधलेली, मीही ती गुणगुणते. पण कंट्री रॉकचा, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीत आणि रॉक यांच्या मिलाफाचा, पाया घालणारे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं तेव्हा मी अडते. तो पाया 1968 मध्ये ग्रॅम पार्सन्सने बर्ड्समध्ये असताना आणि लगेच नंतर फ्लाइंग बरिटो ब्रदर्समध्ये घातला. ईगल्सचा पहिल्या फळीतला गिटारवादक बर्नी लीडन आला तोच मुळी बरिटो ब्रदर्समधून, म्हणजे दुवा शोधायलासुद्धा लांब जावं लागत नाही. पार्सन्स 1973 मध्ये 26 व्या वर्षी गेला. 1998 मध्ये ईगल्स हॉलमध्ये बसले. पार्सन्सचं नाव त्यानंतर तीनदा नामांकनात आलं आणि तीनदा मागे पडलं. ईगल्सचा प्रभाव शून्य आहे असं मी म्हणणार नाही. नव्वदच्या दशकातल्या नॅशव्हिलच्या कंट्री गायकांनी त्यांच्याकडून भरपूर घेतलं आणि 1993 मध्ये त्यांच्या गाण्यांचा एक मानवंदना अल्बमही काढला. म्हणजे ईगल्सनी दिलं, नक्की दिलं. फक्त ज्याच्याकडून घेतलं तो दाराबाहेर उभा आहे आणि घेणारा आत. ओव्हररेटेड या शब्दाचा मला पटणारा अर्थ हाच: दुसऱ्याच्या वाट्याचं श्रेय ज्याच्या खात्यावर जमा झालं तो.

बॉन जोव्हीबद्दल थोडक्यात. 2018 च्या तुकडीसाठी चाहत्यांच्या मतदानात ते अकरा लाखांहून जास्त मतं घेऊन पहिले आले आणि आतही आले. त्यांनी रॉकला नेमकं काय दिलं ते दाखवणारी साखळी मी प्रामाणिकपणे शोधली. मला सापडली नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर ती लिहून छापा, मी आनंदाने शब्द मागे घेईन.

लेड झेपेलिनचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे आणि मला त्यांच्याबद्दल प्रेम आहे, म्हणून जपून लिहिते. त्यांचा प्रभाव वादातीत. पण 1969 च्या त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या रिफच्या गाण्यातले शब्द ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या, मडी वॉटर्सने 1962 मध्ये गायलेल्या गाण्यातून आले होते. डिक्सनने 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली आणि आज गाण्याखाली त्याचं नाव आहे. (दुसऱ्या एका प्रसिद्ध गाण्यावरच्या दाव्यात न्यायालयाने झेपेलिनच्या बाजूने निकाल दिला, तेही सांगायला हवं.) डिक्सनला तुम्ही 1994 मध्ये घेतलंत, झेपेलिनला 1995 मध्ये. क्रम बरोबर होता, आणि त्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक. पण सिस्टर रोझेटा थार्प, जी चाळीसच्या दशकात इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, गात होती, जिच्या वाजवण्यात पुढच्या रॉक अँड रोलची चाहूल स्पष्ट ऐकू येते, ती 1973 मध्ये वारली आणि तुमच्या दारातून आत आली 2018 मध्ये. तिच्याकडून घेणारे तुमच्या 1986 च्या पहिल्याच तुकडीत बसले होते.

इथे एका गैरसमजाबद्दल थांबायला हवं, कारण माझ्या बाजूचे लोक तो नेहमी करतात. ‘सगळ्यात आधी कोणी केलं’ म्हणजे प्रभाव नव्हे. डेट्रॉइटमध्ये हॅकनी आडनावाचे तीन कृष्णवर्णीय भाऊ होते, बँडचं नाव डेथ. 1975 मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. आज ऐकली तर अंगावर काटा येतो, कारण ते सरळ सरळ पंक आहे, म्हणजे रॉकचा तो वेगवान, बंडखोर प्रकार, आणि तोही न्यू यॉर्कच्या रमोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम यायच्या आधीचा. नाव बदललं तर अल्बम निघेल असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी नाव बदललं नाही. 1976 मध्ये एका सिंगलच्या 500 प्रती त्यांनी स्वतः काढल्या आणि गाणी माळ्यावर गेली. अल्बम निघाला 2009 मध्ये, नावावर अडून बसलेला भाऊ डेव्हिड 2000 मध्ये गेल्यानंतर. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. तरीही मी डेथला प्रभावी बँड म्हणणार नाही. त्यांना कोणी ऐकलंच नव्हतं, तर त्यांच्याकडून कोणी काय घेणार? त्यांचा मान द्रष्टेपणाचा आहे, आणि तो देण्यासाठी खोटी साखळी जोडायची गरज नाही.

याउलट रमोन्स. 1976 चा पहिला अल्बम सुमारे 6,400 डॉलरमध्ये, आठवडाभरात उरकलेला. 14 गाणी, 29 मिनिटं. अमेरिकेच्या यादीत 111 वर थांबला आणि त्याला गोल्ड प्रमाणपत्र मिळायला 2014 उजाडलं. पण तो ज्यांच्या कानावर पडला त्यांना कळलं की तीन कॉर्ड पुरतात. त्याच वर्षी 4 जूनला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा इंग्लिश पंक बँड वाजला. श्रोते जेमतेम काही डझन. त्यात बर्नार्ड समनर आणि पीटर हुक होते. त्या रात्रीने पेटून त्यांनी जो बँड काढला तो पुढे जॉय डिव्हिजन झाला. कार्यक्रम भरवणारे दोघे बझकॉक्स या बँडचे होते. मोजायचीच झाली तर ती खोली मोजा.

व्हेल्व्हेट अंडरग्राउंडबद्दल तुम्हाला नव्याने काय सांगायचं. 1967 चा पहिला अल्बम तेव्हा अमेरिकेच्या यादीत 171 च्या वर गेला नाही, आणि ज्यांनी तो घेतला त्या प्रत्येकाने बँड काढला, हे संगीतकार ब्रायन ईनोचं निरीक्षण सगळ्यांना पाठ आहे. त्या अल्बमला 25 वर्षं 1992 मध्ये पूर्ण झाली. त्यांचा गिटारवादक स्टर्लिंग मॉरिसन 1995 च्या ऑगस्टमध्ये वारला. तुमचा समारंभ 1996 च्या जानेवारीत झाला.

आणि एमसी फाइव्ह. हे लिहिताना मला राग येतो, तो मी लपवत नाही. 1968 च्या ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटच्या ग्रँडी बॉलरूममध्ये त्यांनी पहिलाच अल्बम प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केला. पंकमधला जो संताप आणि वेग आहे त्याचं एक मूळ तिथे आहे. सहा वेळा नामांकन दिलंत, सहा वेळा मतं पडली नाहीत. 2024 च्या फेब्रुवारीत त्यांचा गिटारवादक वेन क्रेमर गेला. एप्रिलमध्ये तुम्ही निवड जाहीर केलीत, तीही उत्कृष्टतेच्या पुरस्काराने. मेमध्ये ड्रमर डेनिस थॉम्पसन गेला, गाजलेल्या पाच जणांतला तो शेवटचा. ऑक्टोबरच्या समारंभात त्या पाचांपैकी एकही जण जिवंत नव्हता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

क्राफ्टवेर्क तर माझ्या दृष्टीने तुमची सगळ्यात मोठी चूक. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये 1970 मध्ये सुरू झालेला, इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा बँड. त्यांच्या 1977 च्या अल्बममधली चाल आणि 1981 च्या अल्बममधला ठेका घेऊन डीजे आफ्रिका बंबाटाने 1982 मध्ये न्यू यॉर्कमध्ये एक रेकॉर्ड केली आणि हिप-हॉपला इलेक्ट्रॉनिक वळण मिळालं. डेट्रॉइटचा टेक्नो, इंग्लंडचा सिंथ-पॉप, सगळ्यांच्या मुळाशी तेच. त्यांनाही सहा नामांकनं झाली. संस्थापकांपैकी फ्लोरियन श्नायडर 2020 मध्ये गेला आणि 2021 मध्ये तुम्ही त्यांना ‘प्रारंभीचा प्रभाव’ या वर्गात घेतलंत. तो वर्ग रॉक अँड रोलच्या आधीच्या ब्लूज आणि गॉस्पेल कलाकारांसाठी होता. 1970 चा बँड प्रारंभीचा कसा? प्रभाव एवढा मोठा की नाकारता येत नाही, आणि मतं एवढी कमी की मुख्य वर्गात बसवता येत नाही. म्हणून बाजूचं दार. तुमच्या नियमात पहिला शब्द प्रभाव आहे. मग ज्यांच्याकडे तोच सगळ्यात जास्त आहे, त्यांना बाजूच्या दारातून का यावं लागतं?

निर्वाणा पात्र ठरल्याच्या पहिल्याच वर्षी, 2014 मध्ये आत आले. योग्यच झालं. पण त्यांचा गायक कर्ट कोबेनने स्वतः, 1994 च्या जानेवारीत छापून आलेल्या मुलाखतीत, आपलं सगळ्यात प्रसिद्ध गाणं लिहिताना आपण पिक्सीज या बँडची नक्कल करायला बघत होतो असं सांगितलं होतं. हळू कडवं आणि अचानक फुटणारं धृपद, ती चढउतार पिक्सीजची. त्यांचा 1988 चा अल्बम आवडला म्हणून त्याच निर्मात्याला, स्टीव्ह अल्बिनीला, कोबेनने निर्वाणाच्या शेवटच्या स्टुडिओ अल्बमसाठी बोलावलं. देणारा कोण ते घेणाऱ्यानेच सांगितलंय, इतकी स्वच्छ साखळी क्वचित मिळते. तरी 2025 च्या तुकडीपर्यंत पिक्सीज आत नव्हते.

माझ्या मागण्या फार नाहीत. मतपत्रिकेवर प्रत्येक नावाखाली दोन ओळी छापा: कोणाकडून घेतलं, कोणाला दिलं. विक्री, पुरस्कार, भरलेली मैदानं यांचा उल्लेख त्या ओळींत नको. लोकप्रियतेसाठी हवा तर वेगळा सन्मान ठेवा आणि तो बिनदिक्कत द्या. कोट्यवधी लोकांना आनंद देणं ही लहान गोष्ट नाही, फक्त तिला प्रभाव म्हणू नका. आणि मतदान संपल्यावर निवडलेल्यांच्या त्या दोन ओळी जाहीर करा, म्हणजे आमची भांडणं निदान मुद्द्यावर होतील.

झालेलं बदलता येत नाही, असं उत्तर कृपया देऊ नका. 1986 मध्ये तुम्ही बडी हॉलीला एकट्याला घेतलंत आणि त्याचा बँड क्रिकेट्स बाहेर राहिला. 2012 मध्ये खास समिती नेमून तुम्ही क्रिकेट्सना, बिल हेलीच्या कॉमेट्सना आणि आणखी चार बँडना आत घेतलंत, चूक मान्य करून. तशीच एक समिती पुन्हा नेमा. तिच्यासमोर पहिली फाइल क्राफ्टवेर्कची ठेवा आणि त्यांची नोंद कलाकारांच्या मुख्य वर्गात करा. त्यांचा दुसरा संस्थापक राल्फ ह्युटर अजून स्टेजवर उभा राहतो आहे.

आपली,
रॉकवर जीव असलेली एक श्रोती